जपानमधील सार्वजनिक सुट्ट्या आणि त्यांच्या नावांआड दडलेले अर्थ

नीलमोहर (धागाकर्ती)

गेली अकरा वर्षे मी टोकियोत राहते. पहिल्याच वर्षी २३ नोव्हेंबरला कार्यालय बंद राहणार असल्याचे कळले. दिनदर्शिकेवर ‘किन्रो कान्शा नो हि’, म्हणजे श्रमांबद्दल एकमेकांचे आभार मानण्याचा दिवस, असे छापलेले होते, त्यामुळे हा जपानी कामगार दिन असावा असा समज करून घेऊन मी स्वस्थ बसले. संध्याकाळी शेजारच्या आजी भेटल्या. त्यांना सहज विचारले, तर त्या म्हणाल्या, “अगं, तो नव्या तांदळाचा दिवस.” तेव्हापासून सुट्टीचे नाव वाचून न थांबता ती तारीख मुळात कुठून आली हे शोधण्याची मला सवय लागली. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

जपानमध्ये सध्या वर्षाला सोळा राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्या सगळ्या २० जुलै १९४८ रोजी अमलात आलेल्या एका छोट्याशा कायद्याने ठरतात. या कायद्यात प्रत्येक सुट्टीपुढे तिचा हेतू एका वाक्यात दिलेला आहे, आणि ती वाक्ये वाचताना शाळेतल्या फळ्यावरचे सुविचार वाचल्यासारखे वाटते. मात्र कायदा झाला तेव्हा देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि डिसेंबर १९४५ च्या आदेशाने शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माला शासनव्यवहारातून बाहेर काढण्यात आले होते, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय त्या सुविचारांचा उलगडा होत नाही.

युद्धापूर्वी सुट्ट्या दोन प्रकारच्या होत्या. आनंदोत्सवाचे दिवस ते ‘शुकुजित्सु’, आणि राजवाड्यातील धार्मिक विधींचे दिवस ते ‘साइजित्सु’. नव्या कायद्याने दुसरा प्रकार पूर्णपणे वगळला आणि उरलेल्यांना ‘कोकुमिन नो शुकुजित्सु’, म्हणजे नागरिकांचे आनंदाचे दिवस, असे नाव दिले. पहिल्या यादीत नऊ सुट्ट्या होत्या. त्या नऊंपैकी सहा मात्र जुन्याच दिवशी येत होत्या, फक्त त्यांच्यावरची पाटी बदललेली होती.

२३ नोव्हेंबर हा ‘नीनामेसाइ’चा दिवस. या रात्री सम्राट नव्या तांदळाचा नैवेद्य देवतांना अर्पण करतात आणि स्वतः तो ग्रहण करतात. पूर्वी हा विधी चांद्र पंचांगाच्या अकराव्या महिन्यातील दुसऱ्या ‘शशक’ (सशाच्या नावाच्या) दिवशी होत असे. १८७३ साली जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली तेव्हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधला दुसरा शशक दिवस २३ तारखेला आला आणि पुढे तीच तारीख कायम झाली. कायद्यात सम्राटाचा उल्लेख नाही आणि तांदळाचाही नाही. श्रमांचा आदर करावा, उत्पादनाचा आनंद साजरा करावा आणि परस्परांचे आभार मानावेत, एवढेच लिहिलेले आहे. विधी आजही होतो, पण तो राजघराण्याचा खाजगी विधी मानला जातो.

३ नोव्हेंबर हा ‘संस्कृती दिन’. स्वातंत्र्य आणि शांततेवर प्रेम करावे आणि संस्कृतीची जोपासना करावी, असा त्याचा हेतू. या दिवशी राजवाड्यात ‘संस्कृती पदक’ प्रदान केले जाते. आता तारीख पाहा. सम्राट मेइजी यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८५२ चा. त्यांच्या हयातीत हा दिवस राजजयंती म्हणून पाळला जाई, त्यांच्या निधनानंतर तो यादीतून गेला आणि १९२७ पासून ‘मेइजी-सेत्सु’ या नावाने परत आला. युद्धानंतरचे नवे संविधान १९४६ साली नेमके याच तारखेला जाहीर करण्यात आले, त्यामुळे संस्कृती दिनासाठी हीच तारीख का, या प्रश्नाला संविधान हे सोयीचे उत्तर मिळाले.

गंमत पुढेच आहे. संविधानाच्या शंभराव्या कलमानुसार ते जाहीर झाल्यापासून सहा महिन्यांनी अमलात यायचे होते. ३ नोव्हेंबरनंतर सहा महिन्यांनी येतो ३ मे. म्हणजे १९४७ साली संविधान अमलात आले त्या तारखेचा ‘संविधान स्मृतिदिन’ हा वरकरणी संपूर्ण नवा, लोकशाहीचा दिवस. पण त्याचेही मूळ शोधत गेलो तर एका सम्राटाच्या वाढदिवसापाशी पोहोचतो.

२९ एप्रिलचा प्रवास तर अधिकच वळणाचा आहे. हा सम्राट शोवा (हिरोहितो) यांचा जन्मदिवस. ७ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले आणि नव्या सम्राटांचा वाढदिवस २३ डिसेंबरला असल्याने ही सुट्टी नियमाप्रमाणे रद्द व्हायला हवी होती. पण ती गेली असती तर मे महिन्याच्या सलग सुट्ट्यांची सुरुवातच कोसळली असती. मग तिला ‘हरित दिन’ हे नाव मिळाले. दिवंगत सम्राट जीवशास्त्राचे अभ्यासक होते आणि त्यांना वनस्पतींची आवड होती, हे सर्वांना ठाऊक होते. कायद्यात मात्र त्यांचे नाव नव्हते. २००७ पासून हाच दिवस ‘शोवा दिन’ झाला आणि हरित दिन ४ मे रोजी हलवण्यात आला. एकाच तारखेला साठ वर्षांच्या आत तीन नावे मिळाली.

वसंतसंपात आणि शरदसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान असण्याचे दोन दिवस, हे राजघराण्याच्या पूर्वजांच्या पूजेचे होते. कायद्याने वसंतसंपाताला निसर्गाची थोरवी गाण्याचा आणि सजीवांवर प्रेम करण्याचा दिवस म्हटले, आणि शरदसंपाताला पूर्वजांचा मान राखून मृतांचे स्मरण करण्याचा. सहावा दिवस अर्थातच १ जानेवारी.

११ फेब्रुवारीबद्दल मुद्दामच येथे लिहिलेले नाही. तो विषय स्वतंत्रपणे बोलण्यासारखा आहे. जाणकारांनी भर घालावी, आणि चुकले असल्यास दुरुस्त करावे.

---

शंकासुर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाबद्दल मला शंका आहे. लोकांना ठरावीक दिवशी सुट्टीची सवय असते. कोणतेही सरकार ती सवय मोडण्यापेक्षा नाव बदलणे पसंत करील. त्यात काही दडवले गेले असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. शिवाय नऊपैकी तीन दिवस नवे होते, त्यांचे काय? आणि माझा मुख्य प्रश्न असा की बौद्ध परंपरा एवढी खोल रुजलेल्या देशात बुद्धजन्माची सुट्टी का नाही?

---

अक्षरवेल

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. सुट्ट्यांचा धडा दरवर्षी शिकवावा लागत असल्याने शंकासुर यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे धाडस करते.

तीन नवे दिवस म्हणजे १५ जानेवारीचा प्रौढत्व दिन, ३ मेचा संविधान स्मृतिदिन आणि ५ मेचा बालदिन. यांपैकी ३ मेबद्दल नीलमोहर यांनी वर लिहिलेच आहे. ५ मे मात्र ‘तांगो नो सेक्कु’ या जुन्या सणाचा दिवस आहे. जपानमध्ये १/७, ३/३, ५/५, ७/७ आणि ९/९ असे पाच ऋतुसण होते. मेइजी सरकारने १८७३ साली त्यांची अधिकृत मान्यता काढून घेतली, पण घराघरांतून ते चालूच राहिले. ५/५ हा मुलग्यांचा सण. धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो या चिनी कथेवरून घरावर कापडी कार्प मासे फडकावतात, घरात शिरस्त्राण मांडतात, वेखंडाच्या जातीच्या पानांनी सुगंधित केलेल्या पाण्याने स्नान करतात. त्या वनस्पतीचे नाव ‘शोबु’, आणि शौर्याचा आदर या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच. त्यामुळे हा सण सामुराई घराण्यांना विशेष प्रिय झाला. ओकच्या पानात गुंडाळलेला ‘काशिवा-मोची’ खातात. आपल्या पातोळ्यांप्रमाणे हेही पान खायचे नसते. नवी पालवी फुटेपर्यंत या झाडाची जुनी पाने गळत नाहीत, म्हणून ते वंशसातत्याचे चिन्ह मानले जाते.

१९४८ च्या कायद्याने हा दिवस मुलगे आणि मुली दोघांचा केला. त्याचा हेतू सांगणारे वाक्य वर्गात वाचून दाखवले की विद्यार्थी नेहमी हसतात, कारण मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा आदर करावा, त्यांच्या सुखाची काळजी घ्यावी ‘आणि आईचे आभार मानावेत’ असे तेथे लिहिलेले आहे. वडिलांचा उल्लेख नाही. मुलींचा ३/३ चा बाहुल्यांचा सण मात्र सुट्टीच्या यादीत कधीच आला नाही, आणि त्याबद्दल विद्यार्थिनी दरवर्षी रीतसर निषेध नोंदवतात.

आता बौद्ध सणांविषयी. बुद्धजन्म ८ एप्रिलला मंदिरांतून साजरा होतो, पण सुट्टी नसते. त्याहून आश्चर्याची बाब म्हणजे ‘ओबोन’, ज्या वेळी पितर घरी येतात असे मानतात आणि अर्धा देश गावी जातो, तीही राष्ट्रीय सुट्टी नाही. बहुतेक ठिकाणी ते १३ ते १६ ऑगस्टला असते आणि कंपन्या आपापल्या अखत्यारीत सुट्टी देतात. मेइजी काळापासूनच्या याद्या राजवाड्याच्या विधींवर आधारलेल्या होत्या आणि त्या यादीत बौद्ध सणांना जागा नव्हती. पुढच्या कायद्याने त्याच यादीवर काम केले, त्यामुळे जे मुळात नव्हते ते नंतरही आले नाही.

---

ध्रुवतारा

संपातदिनांबद्दल थोडी भर. कायद्यात या दोन सुट्ट्यांची तारीखच दिलेली नाही, केवळ ‘वसंतसंपाताचा दिवस’ आणि ‘शरदसंपाताचा दिवस’ एवढे म्हटले आहे. जपानची राष्ट्रीय खगोलीय वेधशाळा गणित करते आणि पुढील वर्षाच्या तारखा आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या आरंभी राजपत्रात प्रसिद्ध होतात. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर दोन वर्षांनंतरच्या मार्चमधील सुट्टी कोणत्या दिवशी आहे हे आज अधिकृतपणे कोणीच सांगू शकत नाही, जरी गणित कोणालाही करता येत असले तरी. २०१२ साली शरदसंपात २२ सप्टेंबरला आला, आणि असे १८९६ नंतर म्हणजे ११६ वर्षांनी घडले होते.

आपल्याकडेही भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेचा १ चैत्र हा वसंतसंपाताला धरून, २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) ठेवलेला आहे. १९५७ साली ती स्वीकारली गेली, पण पाडवा आपण चांद्र चैत्रातच करतो. सरकारी राजपत्र आणि आकाशवाणीच्या पलीकडे ती दिनदर्शिका फारशी गेली नाही. जपानमध्ये संपात लोकांच्या जिभेवर राहिला, याचे कारण बहुधा खगोलशास्त्रापेक्षा स्वयंपाकघरात सापडेल.

---

लिंबलोण

ध्रुवतारा यांचे शेवटचे वाक्य अगदी खरे आहे. आम्ही ओसाकाजवळ राहतो. संपाताच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस धरून सात दिवसांचा ‘हिगान’ असतो. लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, दगड पाण्याने धुतात, फुले आणि उदबत्ती वाहतात. हिगान म्हणजे पैलतीर. ‘पारमिता’ या संस्कृत शब्दाच्या चिनी भाषांतरातून तो शब्द आलेला आहे. संपाताच्या दिवशी सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो आणि अमिताभ बुद्धाचा सुखलोकही पश्चिमेला मानलेला असल्याने या दिवशी दोन्ही तीर जवळ येतात अशी समजूत आहे.

खायला भाताचे गोळे असतात. चिकट तांदूळ अर्धवट कुटून त्याचा गोळा करतात आणि त्याला आझुकी या लहान तांबड्या कडधान्याचे गोड पुरण बाहेरून थापतात. म्हणजे आपल्या पुरणपोळीच्या बरोबर उलट, पुरण बाहेर आणि आवरण आत. याच पदार्थाला वसंतात ‘बोतामोची’ म्हणतात, बोतान फुलावरून. आणि शरदात ‘ओहागी’, हागी फुलावरून. सासूबाई आमच्याकडे सप्टेंबरात आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या तोंडून पटकन निघाले, “हा तर यांचा पितृपक्ष!” तिथीचा संबंध नसला तरी ऋतू तोच असतो, आणि शरदसंपाताविषयी कायद्याने दिलेला हेतू पाहता सासूबाईंचे काही चुकले असे मला वाटत नाही.

---

संगणक_कारकून

आमचा अनुभव सांगतो, कारण तारीख आणि नाव यांच्या या खेळात सर्वांत जास्त भरडला जातो तो आमच्यासारखा परदेशी बसून काम करणारा माणूस. मी पुण्यातून एका जपानी ग्राहकासाठी काम करणाऱ्या तुकडीत होतो. टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकलले गेले तेव्हा उद्घाटन आणि समारोपाच्या सुमारास शहरातील गर्दी कमी व्हावी म्हणून २०२१ पुरत्या तीन सुट्ट्या हलवण्यात आल्या. सागर दिन १९ जुलैवरून २२ जुलैला, क्रीडा दिन ११ ऑक्टोबरवरून २३ जुलैला आणि पर्वत दिन ११ ऑगस्टवरून ८ ऑगस्टला. ८ ऑगस्ट रविवार असल्याने त्याची भरपाई ९ तारखेला. हा बदल संसदेत मंजूर झाला नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस, आणि तोपर्यंत नव्या वर्षाच्या दिनदर्शिका छापून विक्रीला आलेल्या होत्या.

आमच्या कार्यालयात भिंतीवर अशीच एक जुन्या तारखांची दिनदर्शिका लागलेली होती. तिच्यावर विसंबून आम्ही १९ जुलैला कोणी उपलब्ध राहणार नाही असे गृहीत धरले आणि २२ तारखेला मोठी बैठक ठेवली. १९ ला सकाळी सहा वाजल्यापासून तिकडून फोन सुरू झाले, आणि २२ ला आम्ही पंधरा जण पडद्यासमोर एकमेकांची तोंडे पाहत बसलो.

एक विचारायचे राहिले. सोमवारच्या सुट्ट्यांची भानगड नक्की काय आहे?

---

अक्षरवेल

सलग तीन दिवस मिळावेत म्हणून काही सुट्ट्या ठरावीक सोमवारी नेण्यात आल्या. त्या योजनेला जपानी लोक ‘हॅपी मंडे’ म्हणतात. २००० पासून प्रौढत्व दिन जानेवारीच्या दुसऱ्या आणि क्रीडा दिन ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी गेला. २००३ पासून सागर दिन जुलैच्या आणि ज्येष्ठ सन्मान दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी. सुट्टी रविवारी आली तर पुढचा दिवस भरपाईचा, हा नियम त्याआधीच, १९७३ पासून आहे. शनिवारी आली तर मात्र ती बुडाली. दोन सुट्ट्यांच्या मध्ये सापडलेला एकटा दिवसही सुट्टीचा होतो. हा नियम १९८५ चा असून तो ४ मेसाठी केला गेला. त्याच नियमामुळे क्वचित सप्टेंबरातही पाच दिवसांची सलग सुट्टी जुळून येते, जशी २००९ आणि २०१५ साली आली होती आणि २०२६ मध्ये १९ ते २३ सप्टेंबर अशी येते.

माझे व्यक्तिगत मत असे की सोमवारच्या योजनेने सोय झाली, पण तारखांचा जीव गेला. १० ऑक्टोबर ही १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाची तारीख, तिच्या स्मरणार्थ १९६६ साली क्रीडेसाठी सुट्टी ठरली. आता ती ८ ते १४ ऑक्टोबरदरम्यान कुठेही येते आणि विद्यार्थ्यांना १९६४ चा संबंध वेगळा सांगावा लागतो. २०२० पासून तिचे नावही ‘ताइइकु’ऐवजी ‘स्पोर्ट्स’ झाले, आणि परकीय शब्द असलेली ती यादीतील एकमेव सुट्टी ठरली.

---

लिंबलोण

प्रौढत्व दिनाबद्दल एवढेच सांगते की १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने प्रौढत्वाचे वय वीसवरून अठरा केले, परंतु बहुतेक नगरपालिका समारंभ अजून वीस वर्षांच्या मुलामुलींसाठीच घेतात, कारण अठराव्या वर्षी जानेवारीत सगळे प्रवेशपरीक्षांच्या धामधुमीत असतात. समारंभाचे नाव तेवढे बदलून ‘विशीचा मेळावा’ अशा अर्थाचे केले आहे. आमच्या शेजारच्या मुलीने लांब बाह्यांच्या फुरिसोदे किमोनोसाठी दीड वर्ष आधी नोंदणी केली होती. आपल्याकडे लग्नाचा शालूही कोणी इतक्या आधी घेत नाही.

ज्येष्ठ सन्मान दिनाची कथाही छान आहे. ह्योगो प्रांतातील एका खेड्यात १९४७ साली १५ सप्टेंबरला वडीलधाऱ्यांना बोलावून त्यांचा सत्कार करण्यात आला. शेतीची कामे हलकी झालेली आणि हवा सुखाची, म्हणून तो दिवस निवडला. तेथून ती प्रथा देशभर पसरली आणि १९६६ साली राष्ट्रीय सुट्टी झाली. राजवाड्याशी काहीच संबंध नसलेली सुट्टी हवी असेल तर ही घ्या, नीलमोहरताई. शंभरी गाठणाऱ्यांना सरकार साकेचा चांदीचा पेला देते. १९६३ साली ही प्रथा सुरू झाली तेव्हा देशात शंभरीपार १५३ जण होते. २०२४ साली ते ९५,११९ झाले. खर्च परवडेना, म्हणून २०१६ पासून पेल्याला फक्त चांदीचा मुलामा देतात.

---

रानवाटा

पर्वत दिनाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. गिर्यारोहक संघटनांच्या आग्रहामुळे २०१४ साली ही सुट्टी मंजूर झाली आणि २०१६ पासून ती ११ ऑगस्टला असते. तारखेमागे कोणतीही ऐतिहासिक घटना नाही. आठ या आकड्याचे चिनी अक्षर डोंगरासारखे दिसते आणि अकरा म्हणजे शेजारी उभी दोन झाडे, असे हौसेने सांगतात. सुरुवातीला १२ ऑगस्टचा विचार होता, म्हणजे ओबोनच्या सुट्टीला ती जोडून आली असती. परंतु १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे विमान गुन्मा प्रांतात ओसुताका येथील डोंगरावर कोसळून ५२० जण मृत्युमुखी पडले होते, आणि त्या दिवशी डोंगराचा आनंदोत्सव करणे योग्य नाही असा आक्षेप आल्यावर तारीख एक दिवस अलीकडे आणली गेली. यादीतील बाकी तारखा काही तरी लक्षात ठेवण्यासाठी निवडलेल्या आहेत. ही एक तारीख मात्र एका स्मृतीला धक्का लागू नये म्हणून निवडली गेली, हे मला विशेष वाटते.

---

शंकासुर

लिंबलोण आणि रानवाटा यांची दोन उदाहरणे माझ्या बाजूची आहेत, हे नम्रपणे नोंदवतो. नीलमोहर यांनी आता ११ फेब्रुवारीवर लिहावे. आणि हो, नाताळची सुट्टी नसते हे खरे का?

---

नीलमोहर

ज्येष्ठ सन्मान दिन आणि पर्वत दिन तुमच्या पदरात टाकते. सागर दिन मात्र देणार नाही, कारण सम्राट मेइजी उत्तरेकडील दौरा आटोपून ‘मेइजी मारु’ या जहाजाने योकोहामा बंदरात परतले तो दिवस २० जुलै १८७६ होता, आणि १९९६ साली सागर दिन मुळात याच तारखेला सुरू झाला. ते जहाज ग्लासगोत बांधलेले असून आजही टोकियोतील सागरी विद्यापीठाच्या आवारात जपून ठेवलेले आहे.

११ फेब्रुवारी हा पूर्वीचा ‘किगेन-सेत्सु’. जुन्या बखरीनुसार पहिले सम्राट जिम्मु इसवी सनापूर्वी ६६० मध्ये, चांद्र वर्षाच्या पहिल्या दिवशी सिंहासनावर आले. मेइजी सरकारने त्या तिथीचे रूपांतर करून १८७३ साली २९ जानेवारीला उत्सव केला. पण त्या वर्षी तोच दिवस जुन्या पंचांगाचा नववर्षदिन होता, त्यामुळे लोकांनी तो जुने नववर्ष म्हणूनच साजरा केला. नुकतेच जुने पंचांग मोडीत काढणाऱ्या सरकारला हे परवडणारे नव्हते, म्हणून गणित पुन्हा करून ११ फेब्रुवारी ठरवली गेली. मेइजी संविधान १८८९ साली याच दिवशी जाहीर झाले. १९४८ च्या यादीतून हा दिवस वगळला गेला, कारण जिम्मु सम्राटाची कथा ही युद्धकाळातील प्रचाराचा कणा होती. पुढे तो परत आणण्याचे प्रयत्न संसदेत अनेकदा फसले. सम्राट शोवा यांचे धाकटे बंधू राजपुत्र मिकासा, जे स्वतः प्राचीन इतिहासाचे अभ्यासक होते, त्यांनीही ऐतिहासिक आधार नसल्याचे सांगून उघड विरोध केला.

१९६६ साली तडजोड झाली ती व्याकरणाच्या आधाराने. ‘केन्कोकु किनेन-बि’ म्हटले असते तर ‘राष्ट्रस्थापनेचा स्मृतिदिन’, म्हणजे राष्ट्र त्या तारखेला स्थापन झाले असे मान्य करण्यासारखे झाले असते. मध्ये ‘नो’ हा प्रत्यय घालून ‘केन्कोकु किनेन नो हि’ केल्यावर अर्थ झाला राष्ट्रस्थापनेचे स्मरण करण्याचा कोणता तरी एक दिवस. शिवाय कायद्यात तारीख न लिहिता ती मंत्रिमंडळाच्या आदेशावर सोपवली आणि आदेशात ११ फेब्रुवारीच आली. दरवर्षी या दिवशी एकीकडे उत्सवाच्या सभा होतात आणि दुसरीकडे निषेधाच्या. शंकासुर, लोकांना सवय होती म्हणून तारखा टिकल्या हे तुमचे म्हणणे बाकी सुट्ट्यांना लागू पडेल. पण ही तारीख अठरा वर्षे नव्हती, आणि तरीही ती नेमकी परत आली.

नाताळची सुट्टी नसते हे खरे आहे. मात्र सम्राट ताइशो यांचे निधन २५ डिसेंबर १९२६ रोजी झाले होते, आणि दिवंगत आधीच्या सम्राटाची पुण्यतिथी हा ‘साइजित्सु’ असल्याने १९२७ ते १९४७ अशी एकवीस वर्षे २५ डिसेंबरला जपानमध्ये सुट्टी होती. तिचा येशू ख्रिस्ताशी काहीही संबंध नव्हता.

---

ध्रुवतारा

जुने पंचांग मोडण्यामागे पैशांचाही हिशेब होता. १८७३ सालच्या चांद्र वर्षात अधिक महिना येणार होता, म्हणजे नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते. सरकारने १८७२ च्या बाराव्या चांद्र महिन्याचे दोनच दिवस होऊ दिले आणि तिसऱ्या दिवसाला १ जानेवारी १८७३ म्हटले. त्यामुळे बाराव्या महिन्याचा आणि अधिक महिन्याचा असे दोन पगार वाचले. अधिक मासात जावयाला अनारसे देणाऱ्या आपल्या समाजाला ही युक्ती सुचली नाही, हे जावयांचे भाग्य.

---

संगणक_कारकून

सम्राट बदलले की सगळ्या दिनदर्शिका पुन्हा बदलायच्या, हे आम्ही २०१९ साली अनुभवले. १ मे रोजी नवे सम्राट गादीवर आले म्हणून तो दिवस एकदाच सुट्टीचा ठरला आणि २७ एप्रिल ते ६ मे असे सलग दहा दिवस तिकडे शुकशुकाट होता. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, त्यामुळे पुण्यात आणि टोकियोत एकाच दिवशी सुट्टी असण्याचा योग आमच्या वाट्याला तेवढा एकदा आला. पण मग २३ डिसेंबरचे पुढे काय झाले? २९ एप्रिलप्रमाणे त्यालाही नवे नाव मिळाले का?

---

नीलमोहर

नाही. विद्यमान सम्राटांचा वाढदिवस २३ फेब्रुवारीला असल्याने २०२० पासून सुट्टी तिकडे गेली. २०१९ मध्ये तर राजजयंतीची सुट्टीच आली नाही, कारण फेब्रुवारीत ते सम्राट नव्हते आणि डिसेंबरपर्यंत त्यांचे वडील सम्राट राहिलेले नव्हते. कायदा झाल्यापासून असे पहिल्यांदाच घडले. माजी सम्राट हयात असताना त्यांच्या वाढदिवसाची सुट्टी चालू ठेवली तर दोन सत्ताकेंद्रे असल्यासारखे दिसेल, असा विचार त्यामागे सांगितला जातो.

शेजारच्या आजी अजूनही सुट्टीला ‘साइजित्सु’च म्हणतात, आणि कधी कधी ‘हाताबि’, म्हणजे झेंड्याचा दिवस. त्यांच्या घराच्या दारावर झेंडा लावायची खोबण आहे. २३ डिसेंबर २०१९ ला मी सकाळी कामावर निघाले तेव्हा त्यांनी झेंडा बाहेर काढलेला होता. संध्याकाळी परतले तेव्हा तो घडी करून आत ठेवलेला होता, आणि त्यांनी मला दिनदर्शिका दाखवली. २३ चा आकडा काळ्या शाईत छापलेला होता.